वहीतली बारावी सही

एक्केचाळीस दिवस डोंगर तुडवून तुरतुरी शेवटच्या चौकीत शिरली, तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हतेच. तुरतुरी हे नाव मावशीनं पाडलेलं. मावशी शिवणकाम करणारी, अर्धा जन्म मशीनपुढे बसून काढलेली. सकाळीच म्हणाली होती, "तू हो पुढे. मी काय शर्यतीतला घोडा आहे?"

चौकीत दोरीनं बांधलेली वही होती. पोचलं की सही करायची. मोहिमेतल्या बाराजणांपैकी दहाजण सही करून पुढे उतरूनही गेले होते. तुरतुरीनं आपली केली आणि आनंदाच्या भरात मावशीचीही ठोकली. दोघींचा रस्ता एकदमच पूर्ण व्हायला हवा ना!

मावशी अर्ध्या तासात येणार होती. दीड तास झाला. धुकं खिडकीला चिकटलं.

चौकीवाले काका वही मिटून वायरलेसवर म्हणाले, "बारा निघाले, बारा पोचले. शोधपथकाला मघाशीच सुट्टी दिलीय."

तुरतुरी म्हणाली, "काका, मावशी आली नाहीये."

"सही आहे की तिची."

"ती... मी केलीय."

काका रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती वही पुन्हा उघडली. मग वायरलेस उचलला. पथक पार खाली उतरलं होतं. वर यायला दोन तास. अंधाराला एकच उरला होता.

काकांनी दोरी घेतली. "चल. दहा पावलं टाकायची, थांबायचं, ऐकायचं."

दहा पावलं. हाक. काहीच नाही. पुन्हा दहा. तुरतुरीला स्वतःचे दातच वाजताना ऐकू येत होते. वळणावर मावशीची पिशवी दिसली, पुढे कडा.

"मावशीऽऽ!" काका ओरडले.

"बोंबलू नका, दगड सुटतात!" खालून आवाज आला.

मावशी दोन माणसांच्या उंचीइतकी खाली, हातभर रुंद कपारीत, एका झुडपाला मिठी मारून बसली होती. पाय सुजून टम्म. काकांनी टोकाला गाठ मारून फास केला आणि दोरी सोडली.

"म्हटलं, सही दिसली नाही की येतीलच शोधायला," ती फास कमरेत चढवत म्हणाली. "म्हणून जागची हलले नाही. पथक कुठाय?"

"पथक नाही आलं," तुरतुरी रडत म्हणाली. "मी तुझी सही करून टाकली होती गं."

मावशीचे हात थांबले. पायाखालचा एक दगड सुटला. तो आपटल्याचा आवाज कितीतरी वेळानं आला.

"गाठ मी मारलीय," काका म्हणाले. "ओढू?"

मावशीनं तुरतुरीकडे पाहिलं. मग तिनं ती गाठ स्वतः चाचपली. एकदा. दोनदा.

"आता ओढा," ती म्हणाली.