सैल झाकण

"पोरी, येवढं झाकण काढून दे," सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी चपला घालून दारात उभी होते. कोपऱ्यावर कंपनीची गाडी हॉर्न वाजवत होती.

"संध्याकाळी मीच हाताला लावून देते, आत्या," मी म्हटलं आणि पळाले.

लातुरातल्या एका क्रीमच्या कारखान्यात मी आठ वर्षं मिश्रण घोटते. कोंडाबाई, माझ्या सासूबाई, अर्धापूरला जन्मभर केळीचे घड उतरवत राहिल्या. विळ्यानं उजव्या हाताची तर्जनी नेली, चिकानं तळहात भेगाळले. थकल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. मी त्यांना कंपनीचं पातळ क्रीम आणून द्यायचे. त्यात पाणीच फार, तेलाचे बारीक थेंब त्यात तरंगणारे. लावलं की गार वाटतं, घटकाभरात उडून जातं. "हे तर पाणीच हाय," त्या म्हणायच्या. त्यांना हवं होतं ते उलट: तेलाच्या पोटात पाणी कोंडलेलं, कातडीवर थर धरून आतली ओल न सोडणारं. मला, मेलीला, सगळं कळत होतं. तरी आज करते, उद्या करते, यात वर्षं गेली. शेवटी त्या रविवारी तेल-मेण तापवलं, थेंबथेंब गरम पाणी सोडत घोटलं. इतकं घट्ट, की बोट फिरवलं तर चर तसाच राहावा. डबी भरली आणि सवयीनं झाकण आवळलं.

सोमवारी संध्याकाळी परतले तर त्या गेल्या होत्या. डबी उशाशी, बंदच.

आमच्या घरात भुताखेताला थारा नाही. बौद्ध रीतीनं त्यांचं पुण्यानुमोदन झालं, डबी मी त्यांच्या फोटोपुढे ठेवली. आठ दिवसांनी पाहते तर झाकणावरच्या धुळीत बोटं घसरल्याच्या खुणा. अंगठा, मग मोकळी जागा, मग तीन बोटं. नवऱ्याला, अश्वजितला, दाखवलं. तो म्हणाला, तूच हात लावला असशील. मग त्यानं आपली बोटं त्या खुणांवर धरून पाहिली आणि झटकन मागे घेतली.

"झाकण सैल कर," तो हळूच म्हणाला.

केलं. सकाळी क्रीममध्ये तीन बोटांचे चर होते. पातळ असतं तर मिटून गेले असते. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त रडू आलं.

आता डबी तळाला आली की मी नवं घोटते. रोज निघताना झाकण काढून बाजूला ठेवते, मगच चपला घालते. कोपऱ्यावर गाडी हॉर्न वाजवत असते. वाजवू दे.