घोंगडीवर बसून

…आणि बोट पुन्हा तिथेच अडलं. काळ्या लोकरीत पांढऱ्या लोकरीचं रफू, बाभळीच्या शेंगेएवढं, मधे फुगलेलं, टोकांना निमुळतं. डोळे मिटले तरी विजयमालाला ते सापडत होतं, कारण तिथलं भोक तिनंच पाडलं होतं, दहावीच्या वर्षी, म्हसवडच्या घरात, अभ्यास करता करता रॉकेलची चिमणी कलंडली तेव्हा; आणि काळी लोकर संपली होती म्हणून आईनं, हरणाबाईनं, ते पांढऱ्या लोकरीनं भरून काढलं होतं. "आसू दे दिसत," म्हणाली होती. "आमच्या पोरीनं किती आभ्यास केला त्ये लोकास्नी कळंल."

फेब्रुवारी संपत आलेला. विश्रामबागेतल्या या फ्लॅटमध्ये अकरा वाजल्यापासूनच पंखा लावावा लागत होता, आणि दुपार कलली तरी ती पलंगावर मांडीवर घोंगडी घेऊन बसली होती, घोंगडीवर वही, वहीत एक ओळ.

'मित्रहो, आपण दिलेली पांघरुणं गरजूंपर्यंत पोचलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.'

हे खरं होतं. पाहिलीच होती. संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या हॉलमध्ये एवढंच सांगायचं होतं, वीस मिनिटं. विषय राजवर्धननं ठरवला होता – 'आपली मदत पोचली'. राजवर्धन तिचा जुना विद्यार्थी, सातवी ब, गणितात कच्चा. आता मदतफेऱ्या काढतो, ट्रक भरतो, आणि बाईंना अजून बाईच म्हणतो. नेपाळात भूकंप झाला तेव्हा याच हॉलमध्ये पांघरुणांचा ढीग लागला होता. महापुरात आपल्याला लोकांनी दिलं, आता आपली पाळी, असं तो माईकवरून सांगत होता, आणि त्या ढिगावर, अगदी वर, विजयमालानं आईची घोंगडी ठेवली होती.

ठेवली होती की टाकली होती?

आई जाऊन वर्ष झालं होतं. घोंगडी माळ्यावर होती. वास यायचा, लोकरीचा, चिंचोक्याच्या खळीचा, आईचा. माळ्याचं दार उघडलं की खाली उतरायचा. डोळ्यांसमोर नको, नाकासमोर नको… आणि बाहेर राजवर्धनचा माईक. किती सोपं होतं! लोक म्हणाले, बाईंनी आईची आठवण दिली बघा. ती मान खाली घालून उभी राहिली, आणि मान खाली घातलेली बाई दुःखी दिसते की मोकळी झालेली, हे कुणाला ओळखू येतं?

"आगं, भाषण पाठ झालं का?" नानासो दारात, तिचा नवरा. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होता. अजूनही दाराच्या चौकटीला हात लावूनच उभा राहतो, गाडी हलेल म्हणून. "च्या ठिवलाय. साडेचारला गाडी येणार हाय म्हनं तुझ्यासाठी. आता तू मोठं मानूस. आमाला वळख दे म्हंजे झालं."

"तुम्हाला पुढच्या रांगेत पास काढून देते."

"आमाला पास फुकाट आसतोय." तो हसला, आणि घोंगडीकडे बघून म्हणाला, "लय मोठ्या मनाची पर ती नेपाळची म्हातारी. सोताकडं न्हाई आन दुसऱ्याला देती."

विजयमालानं वहीत बघितलं.

तो गेला. चहा तिथेच निवत राहिला.

यंदा दिवाळीनंतर आठ दिवसांनी ते तिघं-चौघं निघाले होते – लखनौपर्यंत रेल्वे, मग नेपाळगंज, मग जीप, मग चढ. डोंगरावर पत्र्याच्या खोल्यांची ओळ. राजवर्धन फोटो काढत होता, आणि ती… मी मदत बघायला गेले नव्हते. हे वहीत कसं लिहायचं? मी प्रत्येक दारात वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत होते, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी. तीन गावं झाली. सांगलीची पांघरुणं ओळखू येत होती, लग्नात आहेरात आलेल्या चादरी, कुणाच्या तरी सोलापुरी, आणि प्रत्येकाखाली एक माणूस, जिवंत, हसणारं, हात जोडणारं. राजवर्धनचे डोळे भरून आले होते, आणि तिच्या मनात एकच – ही नाही, ही नाही, ही पण नाही.

चौथ्या गावात होती.

एका म्हातारीच्या गुडघ्यांवर. तिला सगळे आमा म्हणत होते, म्हणजे आई, असं त्यांच्याबरोबरच्या माया नावाच्या तिथल्या शिक्षिकेनं हिंदीत सांगितलं. घर पडलं, मुलगा मलेशियात, सून माहेरी. आमा उन्हाला बसून मुळे चिरत होती. गुडघ्यांवर घोंगडी, आणि घोंगडीवर, अगदी वर, पांढरी शेंग.

विजयमाला समोर बसली. काय बोलली ते तिला आठवतं, पण ते आपणच बोललो का, हे आठवत नाही. मायाला ती म्हणाली, यांना विचारा, ही मला द्याल का? तिच्या बदली नवीन देते. पिशवीतून तिनं नवं ब्लँकेट काढलं होतं, मऊ, मरून, फुलांचं, प्लॅस्टिकमधलं. राजवर्धन तेव्हा दुसऱ्या दारात होता. हे बरं झालं, असंही तिला तेव्हा वाटलं होतं. म्हणजे कळत होतं. सगळं कळत होतं.

घोंगडी माझ्या आईची आहे, रफूखालचं भोक माझं आहे, हे सगळं मायाला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आमानं दिलीच असती, आणि मग ते देणं झालं असतं… आणि न सांगता मागितलं म्हणून ते काय झालं?

आमानं विळी बाजूला केली. विजयमालाकडे बघितलं, तिच्या स्वेटरकडे, बुटांकडे, कानातल्या कुड्यांकडे. मग मायाला काहीतरी विचारलं. मायाला ते हिंदीत सांगताना अवघड झालं.

"आमा पूछ रही हैं, आपके पास ओढ़ने को कुछ नहीं है क्या?"

उपहास नव्हता. तोच घोळ होता – थोडा टोमणा असता तरी धरून बसता आलं असतं. म्हातारी खरोखर विचारत होती, पाहुणी इतक्या लांबून आली, रेल्वेनं, जीपनं, चढ चढून, आणि पांघरूण मागतेय, असेल गरीब. कुड्या घालूनही माणूस गारठतं.

आणि विजयमाला म्हणाली, "नहीं."

आमानं लगेच घोंगडी उचलली, दोनदा झटकली, चौघडी केली, वर हात फिरवला आणि तिच्या मांडीवर ठेवली. नवं ब्लँकेट खांद्यावर घेऊन बघितलं. ते घसरलं. पुन्हा घेतलं. पुन्हा घसरलं. ती हसून काहीतरी म्हणाली, त्याचा अर्थ विजयमालानं विचारला नाही.

तिला माहीत होता.

हाच पलंग. इथेच, या खिडकीच्या बाजूला, आई शेवटचे दोन महिने. अंगावर मऊ ब्लँकेट, गुलाबी. आणि दिवसातून तीनदा – "विजे, माझं घोंगडं दे की गं. त्ये टोचणारं. ह्ये गुळगुळीत अंगावनं घसरतंया." आणि मी म्हणत होते, आई, केस झडतात त्याचे, तुला खोकला आहे, डॉक्टर ओरडतील. डॉक्टर काही म्हणाले नव्हते. पाहुणे यायचे बघायला, शाळेतल्या बायका यायच्या, आणि काळी राकट घोंगडी पांघरलेली आई… एवढंच होतं ते. एवढंच. माळा पलंगापासून चार हातांवर होता. शेवटी शेवटी आईनं मागणं सोडलं. ब्लँकेट घसरलं की स्वतःच ओढून घ्यायची, गप्प, कुणाच्या तरी घरी आल्यासारखी.

फोन वाजला.

"बाई, एक आयडिया आहे," राजवर्धन. मागे खुर्च्या ओढल्याचा आवाज. "ती घोंगडी आणा सोबत. स्टेजवर टेबलावर ठेवू. तिथल्या आजीनं सांगलीकरांना कृतज्ञतेनं दिलेली भेट! लोकांना दिसायला काहीतरी पाहिजे हो. नाहीतर नुसत्या स्लाइड…"

"ती इथलीच आहे, राजवर्धन."

"काय?"

"काही नाही. आवाज येत नाहीये."

"आणा बरं का, बाई!"

त्याचाही दोष नव्हता. येताना जीपमध्ये तिनंच सांगितलं होतं, आजीनं दिली म्हणून. काळ्या घोंगड्या तिकडेही विणतात; राजवर्धनलाही ते खरं वाटलं, नानासोलाही. दिली होतीच. प्रत्येक वाक्य खरं होतं. शाळेत तीस वर्षं मुलांना ती सांगत आली, गाळलेल्या जागा भरा.

फोन ठेवताना मायाचा मेसेज पुन्हा दिसला, चार दिवसांपूर्वीचा. तिथे आदल्या दिवशी बर्फ पडला होता. आमा विचारत आहेत, त्या ताईला आता थंडी वाजत नाही ना? उत्तर दिलं नव्हतं.

महापुरात गावभागातल्या घरातून त्यांना बोटीतून काढलं होतं. छावणीत एक चादर मिळाली होती, कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं कानडी अक्षरं भरलेली, कुणाचं तरी नाव असणार. वाचता आलं नाही. विचारावंसंही वाटलं नाही. दोन वर्षं वापरली, मग फाडून तिचं पोतेरं केलं, आणि ती निळी अक्षरं मोरीशी कितीतरी दिवस ओली पडलेली असायची. त्या बाईनं शोधत यायला हवं होतं का? आली असती, तर मी काय काढून दिलं असतं?

तिनं घोंगडी नाकाशी धरली. आणल्यापासून रोज धरत होती. लोकर, खळ, आई… नाही. पहिल्या दिवसापासून नाही. चुलीचा धूर, म्हशीचं दूध, मुळा, आणि त्याखाली आणखी काहीतरी उबट, एका अनोळखी अंगाचं. आधी तिला वाटलं, हा वरचा वास उडून जाईल आणि खालून आई येईल. दोन वेळा गच्चीवर उन्हात घातली. तीन महिने झाले.

आता तो वासही विरळ होत चालला होता. आणि गेल्या आठवड्यापासून तिच्या लक्षात आलं होतं, की तो विरळ होतोय म्हणून आपण कासावीस होतोय.

कुणाची आठवण येतेय मग?

"विजे, गाडी आली गं!" नानासो बाहेरून. "वर बोलवू का खाली थांबंल?"

"थांबू दे."

तिनं पलंगावरून उतरून घोंगडी फरशीवर अंथरली. गुडघे दुखत होते तरी खाली बसली. वडील, बिराप्पा, तंटा सोडवायला बसायचे तेव्हा अशीच अंथरायचे, बिरोबाच्या देवळासमोर, आणि ज्याला बोलायचं त्याला आधी वर बसवायचे. "बस गड्या हिच्यावर. आता बोल. हिच्यावर बसून खोटं बोलल्यालं देवाला पोचतंय." धिप्पाड माणसं अडखळायची. एकदा एक जण बसलाच नाही, उभ्या उभ्याच सगळं कबूल करून गेला.

इथे कुणी विचारणारं नव्हतं. पंखा फिरत होता. लोकर साडीतून टोचत होती, पोटऱ्यांना, घोट्यांना, आणि ते टोचणं… हे तरी तसंच होतं.

वही पलंगावर राहिली होती. तिनं हात लांब केला, पोचला नाही, तिनं तो पुन्हा मांडीवर घेतला.

खाली हॉर्न वाजला. एकदा. मग जरा थांबून, बाईंची गाडी म्हणून अदबीनं, पुन्हा एकदा.

समोर ऊन होतं, विळी होती, चिरलेल्या मुळ्यांच्या चकत्या होत्या. म्हातारी कुड्यांकडे बघत होती. प्रश्न विचारून झाला होता आणि ती उत्तराची वाट बघत होती, घाई नसल्यासारखी. बर्फ पडत होता, मरून ब्लँकेट तिच्या खांद्यावरून घसरत होतं आणि ती ते पुन्हा वर ओढून घेत होती.

"हाय," विजयमाला म्हणाली. शाळेत लागल्यापासून तिनं हा शब्द तोंडातून जाऊ दिला नव्हता. "हाय की. लय हाय माझ्याकडं."

"काय म्हनलीस गं?" नानासो चौकटीला हात लावून.

तिनं वर बघितलं नाही. पांढऱ्या शेंगेवर तळवा ठेवला आणि जराशी सरकून बसली, शेजारी आणखी एका माणसाला बसता येईल एवढी.