पिसाचा गळ आणि हौशीरामची वायर

मित्रांनो, मी एक जुना गळ आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माशांना मी आवडत नाही आणि मला हौशीराम आवडत नाही.

डिंगोरे गावच्या यमाजीने मला घडवले. बांबूची लवचीक काठी, नायलॉनची दोरी, टोकाला आकडा. गांडूळ मात्र मला कधी लागले नाही. यमाजीच्या घरात पूर्वी मेंढरे होती. त्याने आकड्याला काळ्या लोकरीचे वेढे दिले, वर कोंबड्याच्या मानेचे पीस बांधले, आणि झाला किडा! तो पाण्यावर अलगद टेकला की मरळ हमखास फसायची. "लई गुणाचा हाये," असे यमाजी म्हणाला की मी फुगून जायचो.

दिवाळीच्या सुमारास वरच्या बंधाऱ्याला ढापे बसवून पाणी अडवतात. मग खाली नदी ओसरते, खडक उघडे पडतात आणि सारे मासे एका डोहात गोळा होतात. तेच आमचे दिवस. यमाजी आपली सावली पाण्यावर पडू देत नसे. एखाददुसरी मरळ काढायची आणि बाकीच्या पुढच्या पावसासाठी राहू द्यायच्या, ही त्याची रीत.

डोहाला लागून हौशीरामचे शेत. त्याने मोटरीच्या पेटीतून वायर ओढून पाण्यात टाकायला सुरुवात केली. करंट बसला की लहानमोठे सगळे मासे उताणे, बोटाएवढी पिल्लेसुद्धा. निम्मे तर काठावरच सडायचे. मग भांडणे जुंपायची.

"शेत माझं, डोह माझा," हौशीराम म्हणे.

"नदी तुझ्या सातबाऱ्यावर कवा चढली रं?" यमाजी विचारी.

पुढच्या शिव्या मी सांगत नाही, पण मला त्या सगळ्या पाठ आहेत. याच करंटने एकदा याला धडा शिकवावा, असे मला मनापासून वाटे. यंदा तशी वेळ आली.

तो सोमवार होता. लाईट नव्हती. हौशीरामने वायर डोहात सोडली आणि जाळे लावायला स्वतःच मांडीभर पाण्यात उतरला.

"हौशा, ऑटो बंद केलाय का?" जवळच्या खडकावरून यमाजी ओरडला. ऑटो चालू राहिला की लाईट येताच पेटी आपोआप करंट सोडते.

"लाईट रातची हाये. मला शिकवू नगो!"

रात्रीची पाळी गेल्या आठवड्याची होती. सोमवारपासून लाईट दिवसाची झाली, हे तो साफ विसरला होता. तेवढ्यात पलीकडच्या काठावर कुणाची तरी मोटर घुरघुरली आणि पाइपातून पाणी उसळले. लाईट आली होती! हौशीरामचा ऑटो जरा थांबून सुरू होतो, तेवढाच वेळ हाताशी होता.

यमाजीने मला वायरीखाली घातले आणि सगळा जोर लावून ती उपसली. खरे सांगतो, मला जायचे नव्हते. मरू दे त्याला, असेच माझ्या मनात होते. पण मी यमाजीच्या हातात होतो. कडकन माझा शेंडा मोडला, वायर खडकावर जाऊन पडली, आणि पेटीत खट् झाले. खडकावर ठिणग्या उडाल्या.

हौशीराम पांढराफटक पडला. धडपडत बाहेर आला, पेटी बंद केली. आता हा हात जोडील, असे मला वाटले. तो म्हणाला, "माझ्या वायरीला हात लावाय कुणी सांगितलं व्हतं?"

घरी यमाजीच्या बायकोने, बाळाबाईने, मला पाहिले. "त्या मेल्यापायी गळ मोडला व्हय?" यमाजीने मला वळचणीत खोचले.

पुढच्या बाजारी हौशीराम आळेफाट्याहून चकचकीत नवा गळ घेऊन दारात आला. "घे. फिटलं आपलं."

"वायर टाकणार न्हाई म्हण, मग घेतो."

हौशीराम घुटमळला. मग गळ काखेत मारून चालता झाला. त्याची वायर अजून पेटीच्या खिळ्याला लटकते आहे.

मित्रांनो, ओसरलेल्या नदीतल्या माशांना पळायला जागा नसते. तेव्हा तिच्यातून गरजेपुरतेच घ्या, आणि पाण्यात वायर टाकू नका. गोड बोलून सांगणे मला जमत नाही. आता मला ना दोरी आहे, ना पीस. माझ्याने मासा निघायचा नाही. तरीही पलीकडे मोटर घुरघुरली की यमाजी वळचणीतून मला काढतो आणि डोहावर जाऊन बसतो. वायर उचलायला मी अजून पुरतो.