पश्चिमेचा वाटा

वैशाखाची दुपार. पितळेसारखं तापून पांढरं पडलेलं आभाळ, आणि पुण्यातल्या सहाव्या मजल्यावर टांगलेली अरुंद, उन्हाने करपलेली गॅलरी. तीत द्वारकाबाई. गुडघे गेलेले, नजर शाबूत, जीभ तिच्याहून शाबूत.

उन्हं कलली की पश्चिमेकडून वारा येई. घाट चढून, डोंगर ओलांडून, दमून-भागून येई. घराला तो नुसता वारा. द्वारकाबाईंना मात्र तो मालवणचा, लवणगंधी, नीलजलस्पर्शी. आजोळच्या माणसासारखा उंबऱ्याशी थांबून हाक मारणारा.

मालवणला नेतो, असं लेक दर वैशाखात म्हणे. दर वैशाखात पुढचा वैशाख निघे. म्हणून परवा त्या वाऱ्यासाठी द्वारकाबाई कठड्यावरून जरा जास्तच वाकल्या, आणि आज दारात जाळीवाला उभा राहिला. कबुतरं फार झालीत, असं सून शलाका म्हणाली. कबूतर कोण, ते द्वारकाबाईंनी ओळखलं.

हिरवी जाळी चढू लागली. आभाळाचे चौकोन झाले. उन्हाचे चौकोन झाले. लांबच्या गुलमोहराचे, तरंगत्या घारीचे, आणि द्वारकाबाईंच्या सुरकुतल्या हातांचेही चौकोन झाले.

"आजी, ही दोरी जरा ताणून धरा," जाळीवाला म्हणाला.

दोरी तळव्यात आली, आणि तळवा सात वर्षांचा झाला.

मालवणच्या किनाऱ्यावरची, केशरजळाची ती सकाळ. समुद्रात चंद्रकोरीसारखी पसरलेली रापण, आणि त्या अफाट जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावरून ओढणारी सगळी वाडी. म्हातारे ओढत, बाया ओढत, शेंबडी पोरं ओढत. ओल्या वाळूत टाचा रुतवून, मागे रेलून, लाटेच्या तालावर ओढत. मग वाळूवर रुप्याचा ढीग लखलखे. लखलखे की तडफडे, हे तेव्हा कोण बघतंय? सुट्टीला आलेली द्वारका लाजून मागे सरली, तर आज्याने तिला पुढे ढकललं. "दोरयेक हात लायलंस मा, मगे वाटो तुझो." परकराच्या ओच्यात दोन बांगडे पडले. ओले, थंडगार, निळ्या पाठीचे. तेवढी श्रीमंत ती पुन्हा कधी झाली नाही.

शेवटची गाठ उरली. जाळीवाल्याने हात पुढे केला. द्वारकाबाईंनी दोरी सोडली नाही.

"दोरी मी ओढलीय. माझा वाटा ठेव. तो पश्चिमेचा कोपरा."

शलाकाने समजावलं. पाखरं शिरतील, घाण होईल. मग हळूच म्हणाली, पुन्हा वाकलात तर मी यांना काय सांगू?

"त्या भोकातून माझं डोकं जायचं नाही. हात जाईल. जाऊ दे तेवढा."

शलाकाने सासूच्या मुठीकडे बघितलं. मग तिने जाळीवाल्याला मानेनेच खूण केली. वीतभर कोपरा मोकळा राहिला.

उन्हं कलली. वारा आला, जाळीभर चाळून, बारीक होऊन आला, आणि त्या कोपऱ्यातून अख्खा आला. द्वारकाबाईंनी हात खांद्यापर्यंत बाहेर घातला, तळवा उताणा केला, वाटा घ्यायला धरतात तसा. आत गुडघे, आत श्वास, आत सगळा जन्म चौकोनाचौकोनांत. बाहेर एक हात. रिता, उताणा, समुद्राकडे.