आसरांच्या डोहातला हेलिकॉप्टर

मी एक जुना, थकलेला हेलिकॉप्टर आहे. मित्रांनो, आभाळाकडे पाहू नका, मी तिथे नाही. मी मासा आहे. अंगावर टणक खवले, पाठीवर उंच पर आणि तोंड खालच्या बाजूला, असं माझं ध्यान पाहून कुणीतरी मला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. दुकानात मला काच साफ करणारा मासा म्हणतात. कुठल्याही नावाने हाक मारा, माझी तक्रार नाही. तक्रार करायचा उत्साहही आता उरलेला नाही.

माझ्या जातीचं मूळ गाव फार लांब, समुद्रापलीकडे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत. मी मात्र इकडच्याच कुठल्याशा तळ्यात जन्मलो. बोटाच्या पेराएवढा असताना हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून टेम्पोने नसरापूरला आलो. तिथे हायवेजवळ मंगलताईंचं मिसळीचं छोटं हॉटेल होतं. गल्ल्याशेजारी त्यांनी हौसेने काचेची टाकी मांडली होती. टाकीत सहा सोनेरी मासे होते आणि काचेवरचं शेवाळ चाटायला मी.

कामाला मी वाघ होतो. दिवसभर काचेला तोंड लावून खरवडत राहायचो. मंगलताई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायच्या, "ह्यो माझा बिनपगारी गडी हाय बरं का. ना च्या मागतो, ना सुट्टी." तेवढ्या शब्दांवर मी आणखी चार दिवस काच घासायचो. कौतुकाचं असंच असतं, मित्रांनो.

पण मी वाढत गेलो. इतका वाढेन हे दुकानात कुणी सांगितलं नव्हतं आणि मंगलताईंनी विचारलंही नव्हतं. चौथ्या वर्षी मी दीड वीत लांब झालो. शेपूट हलवली की पाणी बाहेर सांडायचं. सोनेरी माशांच्या अंगाला तोंड लावतो म्हणून बोलणीही खाल्ली. शेवटी मंगलताईंचे यजमान वैतागून म्हणाले, "ह्याला टाक उकिरड्यावर." मंगलताईंना ते फार लागलं. मारायचं मन होत नव्हतं आणि ठेवायला जागा नव्हती. तेव्हा त्यांना माहेरचा डोह आठवला.

राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या बाजूला त्यांची माहेरची वाडी आहे. वाडीखाली नदीला एक खोल डोह आहे आणि काठावर शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. त्या डोहात कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. तिथले मासे आसरांचे. हातभर लांबीचे खडस मासे तिथे बिनघोर फिरायचे आणि माणसाच्या हातचे चुरमुरे खायचे. पावसाळ्यात त्यांची पिल्लं पुराबरोबर खाली उतरायची आणि खालच्या गावांतले लोक ती मोठी झाली की पकडायचे. साऱ्या नदीचं बियाणं त्या डोहात होतं. मंगलताईंचे वडील नाथाआबा या डोहाची राखण करायचे.

रंगाच्या रिकाम्या बादलीत घालून मंगलताईंनी मला एसटीने तिथे आणलं. काठावर माझ्या डोक्याला हळदकुंकू लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "जा बाबा. हितं तुला कुनी हात लावनार न्हाई." नाथाआबा शेजारीच उभे होते. "आसरांच्या पदरात घातलास. लई पुन्याचं काम केलंस पोरी," असं ते म्हणाले. त्या दोघांइतकी मायाळू माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. आणि चूक त्यांच्याच हातून झाली.

मी एकटाच राहिलो असतो तर एक दिवस मरून गेलो असतो. पण पुण्य करणारे पुष्कळ निघाले. ही बातमी पसरली आणि भोरहून, नसरापूरहून, पुणेकरांच्या फार्महाऊसवरून लोक बादल्या घेऊन येऊ लागले. कुणाच्या बादलीत चिलापी मासे, कुणाच्या बादलीत माझेच जातभाई. मला जोडीदारीण मिळाली. आमच्यात नर काठाच्या मातीत बीळ खणतो आणि अंडी राखतो. मीही राखली. मी चांगला बाप होतो, हे सांगायची आज लाज वाटते. एकेका विणीला शेकडो पिल्लं झाली. त्यांनीही बिळं खणली. काठ ढासळला, पाणी गढूळ झालं. ज्या शेवाळावर खडसाची पिल्लं चरायची ते आम्ही दगडांवरून खरवडून नेलं आणि त्याबरोबर त्यांची अंडीही गिळली. टाकीत मी काच घासली होती, इथे नदी घासत होतो. मला दुसरं काही येतच नव्हतं.

असं जगात कितीतरी ठिकाणी चाललंय. कुठे जहाजाच्या पोटातल्या पाण्यातून परके शिंपले गेले, कुठे शिकारीच्या हौसेसाठी परके मासे सोडले गेले. तुमच्या नद्या झाकून टाकणारी जलपर्णीसुद्धा तिची जांभळी फुलं आवडली म्हणून कुणीतरी आणलेली. आम्ही कुणीच आपल्या पायांनी आलो नाही, पण त्याने नुकसान कमी होत नाही.

नऊ वर्षं गेली. नाथाआबा रोज सकाळी चुरमुरे टाकायचे आणि बोटांवर खडस मोजायचे. आधी मोजता यायचे नाहीत इतके होते. मग चाळीस झाले, मग अकरा. लहान तर क्वचित दिसायचे. खालच्या गावात मासे धरणारे गेनूदादा एक दिवस फाटलेलं जाळं घेऊन डोहावर आले.

"नाथाआबा, ह्या हेलिकॉप्टरांच्या काट्यांनी जाळ्याच्या चिंध्या झाल्या. बाजारात ह्यांना कुत्रं हुंगत न्हाई. एकडाव डोहात जाळं वढू द्या. ह्यांना काढू, खडस परत सोडू."

"गेन्या, माझ्या आज्यानं हितं जाळं लागू दिलं न्हाई. आसरांची पोरं हायत ती."

"ही बी आसरांची? आन् खडस संपल्यावर राखन कशाची करनार?"

आठवडाभर नाथाआबांना जेवण गेलं नाही. मग त्यांनी कौल लावायचं ठरवलं. मंगलताईही नसरापूरहून आल्या. डोह आटून अर्ध्यावर आला होता. आसरांच्या दगडाला दोन्ही बाजूंनी ओल्या तांदळाचे दाणे चिकटवले. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. सगळी वाडी दगडाकडे बघत बसली. ऊन डोक्यावर आलं, तरी एक दाणा हलला नाही.

"आया बोलंनात," नाथाआबा थकून म्हणाले.

तेव्हा मंगलताई उठल्या. "आबा, त्या काय बोलतील? मासा म्या आनला. हळदकुकू म्या लावलं. सोडताना कुठं कौल लावला हुता आपन? तवा इचारलं न्हाई आन् आता काढायचं तर त्यांच्या माथी मारायचं व्हय?"

मग नाथाआबांनी पायातल्या वहाणा काढल्या, सात दगडांपुढे डोकं टेकलं आणि पाण्यात उतरून गेनूदादांच्या जाळ्याचं एक टोक स्वतः धरलं. म्हातारा रडत होता.

तीन दिवस जाळं ओढलं. खडस हाती लागला की ओल्या हातांनी परत पाण्यात जायचा. आम्ही मात्र वाळूवर. तिसऱ्या दिवशी मीही सापडलो. मला मंगलताईंनीच जाळ्यातून सोडवलं. त्यांनी मला ओळखलं का, ठाऊक नाही. आम्ही सगळे दिसायला सारखेच. पण त्या मला हातात धरून थांबल्या.

"आबा, ह्यो लई म्हातारा दिसतोय. ह्यो एकच सोडू का?"

नाथाआबा जाळं झटकत राहिले. पाणी वीतभर अंतरावर होतं. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? मंगलताईंचा हात पाण्याला टेकला आणि तिथेच थांबला. नऊ वर्षांपूर्वीही त्यांच्या बादलीत एकच होता. त्यांनी मला हलकेच वाळूवर ठेवलं, पदराचं टोक भिजवून माझ्या अंगावर पिळलं आणि म्हणाल्या, "चुकलं रं माझं."

माझी जात पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरते, म्हणून एवढं सांगता आलं. मित्रांनो, घरी मासा आणण्याआधी तो केवढा होणार ते विचारा. नकोसा झाला तर दुकानात परत द्या, मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. पण नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. मला कुणी रागाने सोडलं नव्हतं, दया येऊन सोडलं होतं, म्हणून एवढं विनवतो आहे. हात असते तर जोडले असते.

मंगलताई अजून माझ्याजवळ बसल्या आहेत. पलीकडून नाथाआबा त्यांना हाका मारत आहेत. चुरमुऱ्यांवर खडसाची बोटाएवढी पाच-सहा पिल्लं आली आहेत म्हणे. जा ताई, बघून या. मी आता कुठे जात नाही.