रेषेपर्यंत भरलेली नळी

"मूठ आवळ."

"आवळली की, पप्पा."

"अजून घट्ट."

रत्नदीपनं पोरीच्या दंडाला पट्टा बांधला, बोटानं शीर चाचपली आणि नुसताच बघत बसला. सात रस्ता चौकातल्या या लॅबमध्ये बावीस वर्षं त्यानं लोकांचं रक्त काढलं. तान्ह्या लेकराची शीर त्याला पहिल्या झटक्यात सापडायची. पण बुद्धप्रियाच्या हाताला सुई लावायची म्हटलं की घाम फुटायचा. त्यात हे तिसऱ्यांदा.

"भाई, पोरीला बोअर समजलात काय? किती उपसताय?" समोरच्या टेबलावरून अकबरी म्हणाली. लॅबमध्ये रत्नदीपच्या खालोखाल जुनी तीच, त्यामुळं तोंड चालायचं.

"तू गप गं. मागचा नमुना चुकला होता."

बुद्धप्रियाची आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिची पोटरी सुजली होती. "पाय मुरगळला असंल," म्हणून रत्नदीपनंच बाम चोळून दिला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिचा श्वास अडकला. पोटरीतली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. दिवसभर रक्त हाताळणाऱ्या माणसाच्या घरात हे झालं. त्यावर कोण काय बोलणार?

आता रविवारी कुर्डुवाडीची माणसं बुद्धप्रियाला बघायला येणार होती. डॉक्टर म्हणाले, आईला असं झालंय तर लग्नाआधी पोरीचं प्रोटीन एस तपासून घ्या. नको तिथं रक्त गोठू नये म्हणून अंगात हे प्रथिन असतं. काहींच्यात ते जन्मापासूनच कमी. साठ टक्क्यांच्या वर पाहिजे. बुद्धप्रियाचं आलं एकतीस.

"वाटेत बर्फ वितळला असंल," रत्नदीप म्हणाला. नमुना गोठवून पुण्याला जातो, तेव्हा त्याचं कुणाला खोटं वाटलं नाही. डॉक्टरही म्हणाले, एकदा परत करा.

परत केलं. एकोणतीस.

मग रत्नदीपनं बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. या तपासणीची नळी निळ्या टोपणाची. तिच्यात आधीच औषध असतं, म्हणून रक्त बरोबर रेषेपर्यंत भरावं लागतं. कमी पडलं की नमुना बाद. यावरून त्यानं नव्या पोरापोरींना किती झापलं असेल, मोजदाद नाही. त्याच रत्नदीपनं चुकांच्या रजिस्टरात स्वतःचं नाव घातलं. कारण: नळी कमी भरली.

"भाई," अकबरीचा आवाज आता खाली आला होता, "पुण्याला धाडायच्या आधी ती नळी मशीनमध्ये मीच फिरवली होती. रक्त रेषेला टेकलं होतं."

ऐकूच आलं नाही असं करून त्यानं सुई उचलली.

बुद्धप्रियानं मूठ सोडली. दुसऱ्या हातानं पट्टा ओढून काढला.

"बास की आता, पप्पा."

"एकदा बरोबर येऊ दे. मग कुणाला सांगायचं कामच न्हाई."

"मी सांगितलंय कुर्डुवाडीच्या माणसांना. सकाळीच फोन केला."

रत्नदीपच्या हातातली सुई तशीच राहिली. "काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"बघू म्हणजे न्हाई गं, बाळा."

"मग न्हाई. पण उद्या माझा पाय सुजला तर मला कळाय पाहिजे, मुरगळलाय का आणखी काय हाय."

बोलून गेली आणि तिचं तोंड उतरलं.

"पप्पा, तुम्हाला लावून नव्हतं म्हणायचं मला."

"बरोबर हाय तुझं," तो म्हणाला. सुईला टोपण घातलं. "जा, कॉलेजला उशीर होतोय."

ती गेली. रिकामी नळी त्यानं परत खोक्यात उभी केली. मग चुकांचं रजिस्टर ओढलं. लॅबचा नियम होता, खोडायचं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. पट्टी लावून त्यानं रेघ मारली. बाजूला लिहिलं, नळी बरोबर भरली होती. सही, तारीख.

अकबरीनं आपल्यातला अर्धा चहा त्याच्यापुढं सरकवला.

रजिस्टर उघडंच होतं. रेघेखालचं त्याचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.