नवव्या भागातले बावीस सेकंद

तर ही ओडेसा ब्रँडवोल्ड सात वर्षं एका हॉस्पिटलच्या मालिकेत नर्सचं काम करत होती, आणि सात वर्षांत एमीसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीच्या सगळ्यात मोठ्या बक्षिसासाठी, तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. बक्षीस राहू दे, साधं नामांकनसुद्धा नाही. वय एकसष्ट, मालिका त्या वर्षी संपत होती, आणि त्यानंतर आपल्याला कोण विचारणार हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

आता एमीचं असं असतं, की तुम्ही वर्षभर कितीही राबलेले असा, मत देणाऱ्यांकडे पाठवायचा भाग एकच. तो निवडायचाही आपला आपण. इथे भल्याभल्यांनी माती खाल्लीय. आपण मस्त रडलोय म्हणून भाग पाठवायचा, आणि त्यात समोरचाच भाव खाऊन जायचा.

ओडेसाकडे दोन भाग होते. पाचव्यात ती चार मिनिटं एकटी बोलते, रडते, औषधांचा ट्रे भिंतीवर फेकते. नवव्यात काहीच करत नाही. एक म्हातारा पेशंट शेवटच्या घटका मोजत असतो, वीस वर्षं मुलीशी बोललेला नसतो, तो तिला ते सांगतो, आणि ती नुसती त्याच्याकडे बघत राहते. बावीस सेकंद. कुणीतरी घड्याळ लावून मोजले होते. तो भाग लागला त्या आठवड्यात लोक नुसते त्याच्याबद्दलच बोलत होते.

भानगड एवढीच, की त्या बावीस सेकंदांत ओडेसाला तिचं वाक्य आठवत नव्हतं.

वाक्य होतं, "तुमच्या मुलीला फोन लावू का?" बास. आदल्या दिवशी बरबँकच्या घरात, स्वैपाकघरातल्या टेबलावर, बहिणीसमोर बसून तिनं ते चाळीस वेळा म्हटलं होतं. ही बहीण कोरीन, दोन वर्षांनी मोठी, गेली तीस वर्षं ओडेसासमोर बसून बाकीच्या सगळ्यांची वाक्यं वाचत आलेली. आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा चालू, डोकं रिकामं. खाटेवर होता हार्लन टीग, ऐंशीचा, असले प्रसंग कोळून प्यायलेला. त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं, काय झालंय ते ओळखलं, थोडी वाट बघितली, आणि तिनं विचारलंच आहे असं धरून म्हणाला, "तिचा नंबर आता बदलला असेल." दिग्दर्शकाला वाटलं दोघांनी ठरवून केलं. त्याला रडू आलं. मग कोण कशाला सांगतंय.

कोरीनचं म्हणणं होतं पाचवाच पाठव. "पाचव्यात तू काम केलंयस. नवव्यात तू बस चुकल्यासारखी उभी आहेस."

ओडेसानं नववा पाठवला.

मग जूनमध्ये मत देणाऱ्यांना बोलावून भाग दाखवायचा, कलाकारांनी स्टेजवर बसून गप्पा मारायच्या, नंतर सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं, असा एक कार्यक्रम होता. तिथे हा प्रश्न येणार हे नक्की होतं. मालिकेच्या प्रसिद्धीचं बघणाऱ्या मुलीनं उत्तरही लिहून दिलं होतं: मला त्या माणसाचा श्वास ऐकायचा होता. ओडेसानं ते पाठ केलं. कोरीननं पाठ करून घेतलं, पण तोंड वाकडं करून.

सूत्रसंचालकानं तिसराच प्रश्न तो विचारला. इतका वेळ गप्प राहायचं हे तुम्ही कसं ठरवलंत? शेजारच्या खुर्चीत हार्लन पँटची इस्त्री नीट करत बसला होता. त्यानं तिच्याकडे बघितलं, त्या खाटेवरून बघितलं होतं तसंच. आणि ओडेसाच्या तोंडून निघून गेलं, "मी वाक्य विसरले होते."

सभागृह हसलं. आणि मग टाळ्या. ती म्हणाली, नाही, खरंच विसरले होते, या हार्लनना विचारा. तर टाळ्या आणखी वाढल्या, मागचे दोघंतिघं उभे राहिले. नंतर हातात चिमुकल्या बर्गरची प्लेट घेतलेली एक बाई तिला गाठून म्हणाली की एवढं मोठं काम करून तुम्ही किती साध्या राहिलात. ओडेसानं तिचे आभार मानून टाकले. खरं सांगून झालं होतं, ते कुणाला नको असेल तर ती काय करणार.

जुलैत सकाळी साडेआठला नामांकनं आली. त्यात ती होती.

सप्टेंबरात समारंभ. न्यूयॉर्कला रात्री दिसायला हवा म्हणून लॉस एंजेलिसमध्ये तो पाचला सुरू होतो, म्हणजे दुपारी तीनला भर उन्हात सगळे काळे कोट घालून घामाघूम. कोरीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ती घरी टीव्हीसमोर, आणि ओडेसाबरोबर हार्लन. निघताना ओडेसानं बहिणीला शब्द दिला होता की जिंकले तर पहिलं नाव तुझं. चार ओळींचं भाषण होतं. ते दोघींनी आठवडाभर त्याच टेबलावर घोटलं होतं.

पाचही जणींच्या कामाचे तुकडे दाखवले. तिचा अर्थातच तो, ती गप्प उभी असलेला. पाकीट फोडलं, आणि नाव तिचं.

ती वर गेली. हातात बक्षिसाची ती पंखवाली बाई आली, वाटलं होतं त्यापेक्षा जड. समोरच्या पडद्यावर पंचेचाळीसपासून आकडे उलटे पळायला लागले. ओडेसानं तोंड उघडलं.

काही नाही. डोकं स्वच्छ.

अडतीस. चौतीस. सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. त्यांनी आत्ताच तिला तशी उभी बघितली होती ना, त्यांना वाटलं आता आपल्यासमोर करतेय. पहिल्या रांगेत रुमाल निघाले. हार्लन खुर्चीतून पुढे झुकून ओठांनी "कोरीन, कोरीन" करत होता, पण चष्मा पर्समध्ये, पर्स खुर्चीवर, तिला दिसला फक्त पांढरा शर्ट. सव्वीस. तेवीस. आणि तेव्हा कुठूनतरी, अगदी स्पष्ट, एक अक्षर इकडे न तिकडे, वाक्य आलं.

"तुमच्या मुलीला फोन लावू का?" ओडेसा म्हणाली.

अख्खं सभागृह उभं राहिलं. हार्लन तेवढा खाली वाकला होता. शेजारच्यांना वाटलं रडतोय, त्याच्या पाठीवरून हात फिरवला त्यांनी.

पडद्यामागे कुणीतरी पर्स आणून दिली. आत फोन वाजत होता.

"आलं एकदाचं," कोरीन म्हणाली.

"काय?"

"वाक्य. दीड वर्ष लागलं." मग, "आणि माझं नाव?"

"विसरले गं. खरंच विसरले."

"माहितेय. पण इथे कुणी टाळ्या वाजवणार नाहीये."

ओडेसा केबलच्या एका पेटीवर बसली, बक्षीस पायाशी ठेवलं. कोरीननं फोन ठेवला नव्हता, पलीकडून टीव्हीतल्या जाहिराती ऐकू येत होत्या. मग ओडेसानं ते भाषण पहिल्यापासून म्हणायला घेतलं, पहिलं नाव कोरीनचं. तिसऱ्या ओळीला अडली, तेव्हा पलीकडून पुढचा शब्द आला.